वाढत्या अंगाचा किल्ट

अल्फारेटाच्या मराठी मंडळात शशिकांत कंग्राळकरला लांबून ओळखायची एक सोपी खूण आहे. पार्किंग लॉटमधून येताना जो माणूस चार पावलं चालून एकदा पँट वर ओढतो, तो शशी. शर्टाच्या बाह्या अंगठ्यापर्यंत उतरलेल्या, पँटचे पाय खाली दोनदा दुमडलेले, आणि थंडीतल्या जाकिटात तर आणखी एक बारकासा शशी सहज राहील. माणूस गरीब नाही. इतकी वर्षं अमेरिकेत आहे, नोकरी चांगली आहे, घर आहे, मुलगी अनन्या कॉलेजात आहे. पण दुकानात शिरला की त्याचा हात आपोआप एक साइज मोठ्या हँगरकडे जातो. "जरा ढगळ असलेलं बरं," म्हणतो. त्याची बायको रेणू म्हणते, "लग्नातसुद्धा ह्यांनी सूट घातला नव्हता, ह्यांच्यावर तो वाळत घातला होता."

मी सुमंत, पुण्याचा, म्हणजे कुणी न विचारता मत देणारा. शशीला त्याच्या कपड्यांवरून छळण्याचा मान बरीच वर्षं माझ्याकडे होता. एकदा एका पिकनिकला त्यानं त्यामागचं कारण सांगितलं, आणि तेव्हापासून मी छळणं कमी केलं. बंद नाही केलं.

शशी बेळगावचा. त्याचे वडील, आप्पा, पलटणीच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचे. क्वार्टर्समधल्या दोन खोल्या, तीन भावंडं आणि पलटणीची शिस्त. शाळा सुरू व्हायच्या आधी आप्पा शशीला कॅम्पातल्या शिंप्याकडे घेऊन जायचे. शिंप्यानं टेप लावून आकडा म्हटला रे म्हटला की आप्पा सांगायचे, "वाढत्या अंगाचं शिवा." मग काय, पहिल्या वर्षी चड्डी करगोट्यात खोचून ठेवायची, दुसऱ्या वर्षी ती कशीबशी कमरेवर टिकायची, आणि तिसऱ्या वर्षी अगदी मापात यायची तेव्हा तिचा मूळ रंग कोणता हे फक्त शिवणीच्या आत कळायचं. तोवर धाकटा भाऊ तिची वाट बघत बसलेला असायचा.

"मापाचा कपडा घरात एकच होता," शशीनं मला सांगितलं. "आप्पांचा बँडचा ड्रेस."

तो ड्रेस आतल्या खोलीत एका खिळ्याला, पांढऱ्या कापडात गुंडाळून टांगलेला असे. पोरांनी हात लावायचा नाही. समारंभाच्या दिवशी आप्पा तो अंगावर चढवायचे तेव्हा शशीची आई सोडून कुणी त्या खोलीत जायचं नाही. बाहेर आले की आप्पा निराळेच दिसायचे. अंगाबरोबर बसलेला कोट, इस्त्रीची पँट, आणि डाव्या खांद्यावरून मागे सोडलेलं हिरव्या-निळ्या चौकड्यांचं जाड लोकरी कापड, त्यात एक बारीक पिवळी रेघ. संध्याकाळी मैदानावर बँड वाजायला लागला की क्वार्टर्समधल्या बायका तव्यावरची भाकरी तशीच ठेवून दारात यायच्या, आणि शशी कमरेची चड्डी एका हातानं धरून मैदानाच्या कडेकडेनं बँडबरोबर चालायचा. पुढे आप्पा रिटायर झाले. ड्रेस सरकारचा, तो स्टोअरमध्ये जमा करून आले. खिळा तेवढा राहिला. आईनं त्याला छत्री टांगली.

पन्नाशीला आली की माणसं गुडघ्यांची तक्रार करायला लागतात. शशीनं बॅगपाइप विकत घेतला. आमच्याकडे एक हौशी पाइप बँड आहे. त्यात दातांचे डॉक्टर आहेत, निवृत्त पायलट आहेत, एक पिझ्झावाला आहे, आणि अर्ध्यांचे आजोबा-पणजोबा स्कॉटलंडहून आले होते म्हणे. चर्चच्या हॉलमध्ये ते सराव करतात. त्यांच्यात आमचा कंग्राळकर जाऊन उभा राहिला. पहिली दोन वर्षं त्याच्या गराजमधून जो आवाज यायचा त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण रेणू हे वाचेल. पण आप्पांचा श्वास त्याच्या छातीत कुठेतरी असावा. हळूहळू सूर लागायला लागले.

बँडचा पोशाख म्हणजे किल्ट. शशीसमोर त्याला घागरा म्हणायचं नाही. पुढे सपाट पदर, मागे निऱ्याच निऱ्या आणि गुडघ्यापर्यंत लांबी. नव्या माणसाला बँडच्या कपाटातला जुना किल्ट उसना मिळतो. शशीला मिळालेला पूर्वी कुणा अगडबंब माणसाचा असावा. तो शशीला दीड वेळा गुंडाळला जायचा आणि तीन सेफ्टी पिनांच्या भरवशावर उभा राहायचा. शशीला त्यात काही गैर वाटत नव्हतं. ढगळ कपडा म्हणजे त्याला माहेरच.

तर त्या वर्षी मंडळाच्या गणपतीची मिरवणूक शाळेच्या आवारात निघाली, आणि ढोल-ताशांच्या मागे शशीनं बॅगपाइपवर आरती वाजवली. लोक वेडे झाले. कुणीतरी काढलेला व्हिडिओ शशीनं बेळगावला पाठवला. आप्पा आता पंच्याऐंशीच्या पुढे, धाकटी बहीण सीमा हिच्याकडे असतात. दुसऱ्या दिवशी फोन आला. मी तेव्हा शशीच्या डेकवर चहा पीत होतो, म्हणून ऐकलं.

"सूर बरा आहे," आप्पा म्हणाले. "पण तो ड्रेस कुणाचा रे?"

"बँडचा आहे आप्पा. उसना."

"ते दिसतंय की. पायपरचा ड्रेस अंगाबरोबर पाहिजे. ढगळ ड्रेसात पायपर म्हणजे शेतातलं बुजगावणं. आधी ड्रेस कर, मग वाजवून दाखव मला."

मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला! ज्यानं पोराला जन्मभर बुजगावण्यासारखं नटवलं, त्यानंच वर हे ऐकवावं? मी तसं बोललोही. शशी मात्र चिडला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "सुमंत, त्यांचा एक डोळा गेलाय. दुसऱ्याचंही काही खरं नाही असं डॉक्टर म्हणाले. सीमा सांगत होती, हल्ली टीव्हीवरची माणसं आवाजावरून ओळखतात. मला त्यांना एकदा स्वतःच्या ड्रेसमध्ये दिसायचंय यार. त्यांना दिसतंय तोवर." मी गप्प बसलो. पुणेकर गप्प बसतो तेव्हा परिस्थिती खरोखरच गंभीर असते.

रेडीमेड किल्ट इंटरनेटवर मिळतात, हलके, मशीनवर शिवलेले. पण आप्पांच्या खांद्यावरचं ते कापड जाड लोकरीचं होतं, आणि शशीला तसंच हवं होतं. बँडमधल्या लोकांनी एकच नाव सांगितलं: लॉर्ना. जॉर्जियाच्या उत्तरेला डोंगरात एका छोट्या गावात राहते, सगळा किल्ट हातानं शिवते, आणि तिच्याकडे नंबर लावावा लागतो. शशीनं नंबर लावला. बोलावणं आल्यावर एका शनिवारी मी त्याला ड्राइव्ह करून घेऊन गेलो, कारण उत्सुकता मलाही होती.

लॉर्नाबाई सत्तरीच्या, किडकिडीत, केसांत पेन्सिल खोचलेल्या. घराच्या पुढच्या खोलीत एक लांबलचक टेबल, खिडकीतून येणारा भरपूर उजेड आणि लोकरीचा वास. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुझा क्लॅन कोणता?" स्कॉटिश घराण्यांचे म्हणे आपापले चौकडे ठरलेले असतात.

"कंग्राळकर," शशी म्हणाला.

बाईंनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं आणि नाद सोडला. मग शशीनं फोनमधला एक जुना फोटो दाखवला. आप्पा मैदानावर उभे, खांद्यावर ते कापड. फोटो कृष्णधवल, त्यामुळे रंग शशीनं तोंडानं सांगितले. बाईंनी कपाटातून ठाणांमागून ठाणं काढली. सहाव्या की सातव्या ठाणाला शशीचा हात आपोआप पुढे गेला. हिरवा-निळा चौकडा, बारीक पिवळी रेघ. त्यानं कापड मुठीत धरून ठेवलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. आठ वार लागणार होतं. "आईच्या लुगड्याला एक वार कमी," तो मला मराठीत म्हणाला.

मग मापं. बाई टेप घेऊन त्याच्याभोवती फिरल्या. कमर, नितंब, आणि बेंबीच्या वरपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत लांबी. सगळं आटोपलं आणि आता निघायचं, तेवढ्यात शशी दारात थांबला. मला पुढचं आधीच दिसायला लागलं. मी त्याचा दंड दाबला, पण उपयोग झाला नाही.

"मॅम," तो म्हणाला, "कमरेत दोन इंच जास्त ठेवा. लांबीलाही थोडं."

लॉर्नाबाईंनी चष्मा खाली केला. "आर यू प्लॅनिंग टू ग्रो?"

टक्कल पडलेला, सत्तावन्न वर्षांचा, वरिष्ठ डेटाबेस इंजिनिअर शशिकांत कंग्राळकर अतिशय गंभीरपणे म्हणाला, "वुई ऑल्वेज लीव्ह सम रूम."

बाईंनी "हं" म्हटलं. कागदावर काहीतरी लिहिलं आणि दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर मी त्याला मनसोक्त बोलून घेतलं. त्याला बिचाऱ्याला कळतच नव्हतं की आपलं काय चुकलं. टेप लागला आणि तोंडातून वाक्य आलं, इतकंच. कळलं ते पुढच्या सरावाला. बँडच्या म्होरक्यानं त्याला समजावलं की हातशिलाईचा जाड किल्ट एकेक निरी कमरेकडे निमुळती करत, माणसाच्या अंगावर बेतून शिवतात. मोठा झाला तर तो उसवून लहान करत नाहीत, वायाच जातो. शशीचा चेहरा पडला. त्यानं लॉर्नाबाईंना फोन केला तर मशीन: "मी शिवत असते तेव्हा फोन घेत नाही." निरोप ठेवला. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. शशीनं घाईघाईनं सगळं सांगितलं, की ते दोन इंच नकोत, माझं चुकलं, माझ्या बरोबर मापाचाच करा.

"कापड कापून झालंय," बाई म्हणाल्या. "हात घातलाय. आता मध्येच नाही बोलायचं." आणि फोन ठेवला.

ते महिने फार वाईट गेले. शशी काही बोलायचा नाही, पण त्याचा सराव वाढला. बेळगावहून सीमाच्या बातम्या यायच्या त्या डोळ्याच्याच. आप्पांना आता सकाळच्या उजेडात बरं दिसतं, संध्याकाळी कमी. आता ताटातली भाजी कोणती ते विचारतात. परवा म्हणे अंगणातल्या दोरीवरचा टॉवेल बघून त्यांनी "कोण आलंय?" असं विचारलं. शशीनं एक नवा बेल्ट आणून ठेवला होता. किल्ट सैल झालाच तर आवळता यावा म्हणून. रेणूला तो कपाटात सापडला तेव्हा ती मला फोनवर म्हणाली, "सुमंत, मला ह्यांच्यावर हसावं की रडावं तेच कळत नाही." दुसरा किल्ट करायचा तर पुन्हा नंबर, पुन्हा तेवढेच महिने. आप्पांचा डोळा काही लॉर्नाबाईंच्या यादीप्रमाणे चालणार नव्हता.

एप्रिलमध्ये बोलावणं आलं. डोंगरात डॉगवूड फुलला होता, रस्ताभर पांढरं पांढरं, आणि शशीनं एकदाही बाहेर पाहिलं नाही. बेल्ट मांडीवर गुंडाळून बसला होता.

किल्ट टेबलावर पसरलेला होता. निऱ्या जागच्या हलू नयेत म्हणून घातलेले पांढरे टाके लॉर्नाबाईंनी आमच्यासमोर कात्रीनं एकेक करून काढले. मग तो उचलून शशीच्या हातात दिला. "बापरे!" शशी म्हणाला, इतका तो जड होता. तो आतल्या खोलीत गेला. बाई केसांतली पेन्सिल काढून पुन्हा खोचत बसल्या. मी भिंतीवरचे फोटो बघण्याचं नाटक केलं.

शशी बाहेर आला. दारातून खोलीच्या मध्यापर्यंत चालत आला आणि चौथ्या पावलाला त्याचा उजवा हात नेहमीप्रमाणे कमरेकडे गेला, वर ओढायला. तिथे ओढायला काही नव्हतं. हात तसाच थांबला. कमरेला किल्ट असा बसला होता की बोट शिरलं नसतं, खालची कड गुडघ्याच्या बरोबर मध्यावर, आणि मागे निऱ्यांवरून पिवळ्या रेघा सरळ खाली उतरलेल्या. तो वळला तेव्हा सगळ्या निऱ्या एकदम फिरल्या आणि एकदम जागेवर आल्या. मी त्याला वीस वर्षं ओळखतो. हा माणूस एवढा उंच आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"माझ्या मापाचाच आहे हा," शशी कसाबसा म्हणाला. "मी तर दोन इंच..."

"ऐकलं होतं मी," बाई म्हणाल्या. "पण समोर उभ्या असलेल्या माणसासाठी मी शिवते. पुढे होणाऱ्या माणसासाठी नाही." मग त्यांनी चष्मा वर ढकलला. "तरी तू फार मनापासून सांगत होतास."

त्यांनी पुढचा पदर उलटा केला. आतल्या बाजूला, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापडाची एक दुमड बारीक हातशिलाईनं दाबून ठेवली होती. लहान मुलांच्या किल्टला त्या अशी दुमड ठेवतात. मूल वाढलं की शिलाई उसवायची, कमरेत जागा होते. मोठ्या माणसाला त्यांनी ती पहिल्यांदाच ठेवली होती. "लांबीत मात्र ठेवलेली नाही," त्या म्हणाल्या. "या वयात गुडघे खाली सरकत नाहीत."

शशी त्या दुमडीवरून अंगठा फिरवत राहिला आणि रडला. अगदी लहान मुलासारखा, नाक ओढत. लॉर्नाबाईंनी त्याच्या हातात टेबलावरचा एक कापडाचा तुकडा दिला, तो त्याच ठाणाचा होता. येताना गाडीत त्यानं किल्ट काढलाच नाही. पेट्रोल भरायला थांबलो तिथे एक ट्रकवाला त्याच्याकडे बघत राहिला, तर शशीनं त्याला मान डोलावून नमस्कार केला. नवा बेल्ट गाडीतच विसरला. तो अजून माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. दोन्हीकडे उजेड हवा म्हणून आम्ही उजाडताच तयार झालो, त्यांच्याकडे तेव्हा दुपार कलली होती. शशी मागच्या अंगणात पूर्ण पोशाखात उभा, बॅगपाइप काखेत. फोन रेणूनं धरला होता. तिकडे सीमानं आप्पांना अंगणात खुर्चीवर बसवून मोबाइल त्यांच्या चांगल्या डोळ्यासमोर इतका जवळ धरला की आम्हाला फक्त एक भुवई आणि एक डोळा दिसत होता.

"मागं सर," डोळ्यानं हुकूम सोडला. "अजून. हां. आता फीर की."

शशी फिरला.

"सावकाश. परत फीर." डोळा फोनच्या आणखी जवळ आला. "रेघ सरळ आहे. कुणी शिवलाय?"

"एक बाई आहे आप्पा इथली. सगळा हातानं शिवलाय."

"हात चांगला आहे बाईचा. कापड आपल्या पलटणीचं वाटतंय."

"तसंच शोधून घेतलं," शशी म्हणाला.

आता आप्पा काय खोट काढतात म्हणून मी मनातल्या मनात दात आवळून तयार झालो. आणि त्यांनी ती काढलीच.

"सगळं ठीक आहे रे शशी. पण अगदी अंगाबरोबर शिवलास. जरा वाढत्या अंगाचा सांगायचास की."

मी आप्पांना इतकी वर्षं कंजूष म्हणत आलो होतो. त्यांच्या शशीचं अंग अजून वाढायचं आहे असं मानणारा या जगात तो एकच माणूस उरला होता, आणि त्याला आता धड दिसतही नव्हतं.

शशी फोनच्या जवळ आला. पुढचा पदर उलटा करून त्यानं आतली दुमड कॅमेऱ्यासमोर धरली. आप्पांना ती दिसली असेल असं मला वाटत नाही.

"ठेवलंय आप्पा," तो म्हणाला. "आत ठेवलंय. लागलं की सोडता येतं."

"ठेवलंय ना? मग झालं," आप्पा म्हणाले. "वाजव आता."

शशी मागे सरकला. पाय जुळवले, खांदे सरळ केले, नळी ओठांना लावली. पण पिशवीत भरायला त्याच्याजवळ बराच वेळ श्वासच नव्हता. आप्पा थांबून राहिले.